एकोणऐंशी नंबरचा फॉर्म

नंदिता, तुझ्या बाल्कनीची जाळी काल काढली. तुझा भाऊ सोलापूरहून आलाय. एसी उतरवायला त्याने माणसं बोलावली होती, त्यांना हात घालायला जागा होईना, म्हणून कटरने सगळी जाळी उभी फाडून टाकली. संध्याकाळी मी खालून बघितलं तर तुझ्या कठड्यावर दोन कबुतरं. एक तर आत जाऊन आलं, जसं काय फ्लॅट बघायला आलंय. मला आधी हसूच आलं. मग मी पार्किंगच्या कट्ट्यावर बसले, सिक्युरिटीवाला ‘आजी, बरं वाटत नाही का?’ विचारायला येईपर्यंत बसूनच होते.

तुला मी कधी अगंतुगं केलं नाही. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान तू, पण ‘डॉक्टर, तुम्ही’ असंच चाललं शेवटपर्यंत. आता म्हणते तू. आता तुझी काही हरकत असणार नाही.

पेपरात तुझ्यावर आलंय. डिग्र्या, शोधनिबंध, परदेशातली नोकरी सोडून परत आलीस ते, ओपीडीत दोन पेशंटांच्या मधे खुर्चीतच गेलीस ते. शोकसभेत मोठमोठे डॉक्टर बोलले. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते, पण त्यात मला तू काही सापडेनास. कोणी म्हणालं नाही की तू गाडी चालवताना स्वतःशी भांडायचीस. कोणी म्हणालं नाही की तुला सुक्या मासळीच्या वासाने मळमळायचं आणि तरी करावे गावात तू नाक न मुरडता तासतासभर बसायचीस. जाऊ दे. ते त्यांचं बोलले, मी माझं बोलते.

माझं एकच आहे. मला तुला एक विचारायचं होतं, आणि तीन वर्षं धीर झाला नाही. आमचे हे गेले, ते माझ्या दाण्यांनी गेले का गं?

आपण पहिल्यांदा भेटलो ते भांडणानेच, आठवतं ना? ह्यांचा कोरडा खोकला जात नव्हता. दोन जिने चढले की धाप लागायची. तीन डॉक्टर झाले, बाटल्या झाल्या, एकाने तर टीबीचं म्हणून सुरू केलं होतं. मग कोणीतरी तुझं नाव सांगितलं. तू छातीला नळी लावायच्या आधी ह्यांचा हात हातात घेतलास आणि नखं बघत बसलीस. मी मनात म्हटलं, ही डॉक्टर आहे की ज्योतिषी? मग पाठीला नळी लावलीस, आणि तीच नळी काढून माझ्या कानात घातलीस.

‘ऐका की काकू.’

मुठीत चुरमुरे दाबावेत तसा आवाज येत होता. माझ्या नवऱ्याच्या पाठीतून.

‘फुप्फुस मऊ असतं, स्पंजासारखं,’ तू म्हणालीस. ‘काकांचं कडक होत चाललंय.’

‘मग बरं कधी होणार?’

‘बरं नाही होत. मला ते फक्त हळू करता येतं.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे कडक होणं हळू होईल. थांबणार नाही.’

‘मग एवढी वर्षं तुम्ही शिकलात काय?’

सगळी ओपीडी ऐकत होती. हे माझा पदर ओढत होते, ‘अगं, अगं’ करत. तू रागावली नाहीस. चष्मा पुसलास आणि म्हणालीस, ‘तेच शिकतीय अजून.’

त्या दिवशी नर्सने चार पानांचा फॉर्म दिला. तुझ्या संशोधनासाठी. घरात चूल आहे का, विडी ओढता का, सिमेंटमध्ये काम केलंय का, भिंतींना ओल आहे का. मी सातवी शिकलेली बाई, पण वाचायचा नाद आहे, त्यामुळे फॉर्म भरायला मला कोणी लागत नाही. तिसऱ्या पानावर होतं, ‘आपण पक्षी पाळता का?’ मी ‘नाही’वर टिक केली. ह्यांनी वाचून पाहिलं आणि सही केली. तो फॉर्म एकोणऐंशी नंबरचा. वर लाल शाईत लिहिलं होतं.

खोटं नव्हतं गं ते. पक्षी पाळणं म्हणजे पिंजरा, पोपट, मिरची. आमच्याकडे कुठला आलाय पोपट! बाल्कनीत कबुतरं यायची, मी त्यांना वाटीभर ज्वारी घालायचे, पण ती काय आमची होती? ती आपली यायची. मुलगा बंगलोरला, सून तिकडची, हे रिटायर झाल्यापासून दिवसाला दहा वाक्यं बोलायचे, त्यातली चार भाजीबद्दल. सकाळी दार उघडलं की ती वाट बघत असायची. माझी कोणी वाट बघतंय म्हटल्यावर मी काय करणार होते?

आणि आजाराचं कारण तर मी धरूनच चालले होते. महाप्याला एका कंपनीत ह्यांची तीस वर्षं गेली, तिथलीच धूळ. सगळे नातेवाईकही तेच म्हणायचे. तू एकदा म्हणालीस, ‘काका तर स्टोअरमध्ये रजिस्टर बघायचे. बंद खोली, एसी. तिथे कसली धूळ?’ मला तुझा इतका राग आला! वाटलं, हिला आमच्या माणसाचे कष्ट दिसत नाहीत. तुला कारणच पाहिजे असायचं. म्हणायचीस, ‘काकू, कशाने झालं ते कळलं तर पुढच्याला वाचवता येतं.’ नेहमी पुढचा. मागचं कधी बोलायची नाहीस.

दीड वर्ष तू ते हळू केलंस. त्याचे उपकार मी विसरणार नाही. त्या दीड वर्षात नातीचं बारसं झालं, ह्यांनी तिला मांडीवर घेतलं.

ते गेल्यानंतर तू घरी आलीस. आपण एकाच सोसायटीत राहतो हे तोवर आपल्याला गेटपाशी कळलं होतं, तू बी विंग, मी डी. हॉलमध्ये बसलीस. मी बाल्कनीचं दार लोटून घेतलं होतं, पण आवाज थोडाच थांबतो? घू घू घू. तू कप खाली ठेवलास, उठलीस, दार उघडून बघितलंस. कठड्यावर सात-आठ तरी असतील. खाली दाणे, पिसं, आणि ते सगळं. मी सुतकात होते, चार दिवस झाडलं नव्हतं. तू तिथे किती वेळ उभी होतीस मला सांगता येणार नाही. परत येऊन बसलीस आणि म्हणालीस, ‘साखर जरा जास्त झाली, काकू.’

त्या दिवशी मी चहात साखर घालायलाच विसरले होते.

पुढच्या आठवड्यात तुझा फोन. ‘काकू, मला बोलणारं माणूस पाहिजे. लोक माझ्याशी बोलत नाहीत, नुसती उत्तरं देतात.’ मी म्हटलं, बोलण्याचं म्हणाल तर मला थांबवायला माणूस ठेवावं लागेल. तू म्हणालीस, ‘चालेल की.’ आणि मग दर गुरुवारी आपण निघायला लागलो. नावडे, करावे, कुठकुठे. तुझे जुने पेशंट, त्यांची घरं. हॉस्पिटलात माणूस आजार घेऊन येतो, घर घेऊन येत नाही, असं तुझं म्हणणं. तू भिंती हुंगायचीस, गाद्या उलटायचीस, कूलरचं पाणी बघायचीस. मी पडवीत बसून सुनांच्या तक्रारी ऐकायचे. परत येताना गाडीत मी सांगायचे, तू सिग्नलला लिहून घ्यायचीस.

एकदा तुझा पेपर परत आला होता. परदेशातल्या त्या मासिकवाल्यांचं पत्र तू मला गाडीत मराठी करून सांगितलंस. ‘ते म्हणतात, एवढ्याशा लोकांवरून काही सिद्ध होत नाही.’

‘मग आणखी लोक शोधू. त्यात काय!’

‘काकू, तुम्ही माझ्या गाईड व्हायला पाहिजे होता.’ असं म्हणून तू हसलीस, पण पामबीच रोड संपेपर्यंत परत काही बोलली नाहीस. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हिलाही घरी कोणी नाही की ज्याला जाऊन सांगावं, आज माझं परत आलं म्हणून.

करावे गावातली ती म्हातारी तुला आठवतेच. मासळी विकून हात राठ झालेले, नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचं मशीन गुरगुरतंय. तू फॉर्म काढलास. चूल, विडी, ओल. मग तिसरं पान.

‘आजी, पक्षी पाळता का?’

‘नाय गो बाय. पक्षी कोन पालतंय? आमाला मानसा पालाय जमला नाय.’

तू ‘नाही’वर टिक केलीस. आणि त्याच वेळी एक कबुतर दारातून चालत आत आलं, उडत नव्हे, चालत, आणि म्हातारीच्या ताटलीतला भात खायला लागलं. तिने त्याला हातानेच जरा बाजूला केलं. घरातल्या पोराला करतात तसं.

मी म्हटलं, ‘आजी, मग हे?’

‘ह्ये? ह्ये माजं कुटं हाय? ह्ये आपलं आपलं येतान.’

‘रोज?’

‘रोज. पोरगा वर्साला नाय येत. ह्ये रोज येतान.’ मग तुझ्याकडे बघून म्हणाली, ‘क झाला गो डाक्टरनी? तोंड कशाला वासलास?’

तू खरंच तोंड वासून माझ्याकडे बघत होतीस. पक्ष्यांच्या पिसांची, विष्ठेची धूळ श्वासातून जाऊन फुप्फुस कडक होतं, म्हणून तो प्रश्न; आणि तुझ्या सगळ्या फॉर्मांत ते ‘पाळता’ होतं. इंग्रजीतून कोणीतरी केलं असणार आणि तू तसंच छापलंस. आपल्याकडे पाळतात ते गाय, कुत्रा, पोपट, व्रत. कबुतरं कोणी पाळत नाही. ती येतात. शेकडो घरांत येत होती आणि शेकडो लोकांनी खरं तेच सांगून ‘नाही’ लिहिलं होतं.

मी पण.

परतताना गाडीत तू स्वतःशी भांडली नाहीस. मी पण बोलले नाही. मी बोलले नाही हे तुला कळलं असणार, कारण मी दाताच्या डॉक्टरकडेही बोलते. आपल्या गेटपाशी गाडी थांबवून तू समोर बघत म्हणालीस, ‘जुने सगळे फॉर्म परत विचारावे लागतील, काकू.’ मी ‘हो’ म्हटलं. तेव्हाच म्हणायला हवं होतं, आमचा पण. तोंडाशी आलं होतं. तू म्हणालीस, ‘उद्या भेटू,’ आणि मी उतरले.

नवीन प्रश्न मी सांगितला, तू लिहिलास. ‘तुमच्या खिडकीत, दारात, गच्चीत कोण येतं? त्यांना तुम्ही काय घालता?’ अगं, काय बोलायला लागली माणसं! एका आजोबांनी अर्धा तास नुसती कबुतरांची नावं सांगितली. एक बाई रडली. तुझ्या कामाची दिशाच त्यानंतर बदलली, असं शोकसभेत एक जण म्हणाले. कशी बदलली ते त्यांना ठाऊक नव्हतं.

जुन्या घरांना फोन करायचं काम तू मला दिलंस. पेशंट गेलेला असेल तर घरच्यांना विचारायचं, हेही तूच लिहून दिलं होतंस. टाइप केलेली यादी, नंबरवार. मी रोज दुपारी दहा फोन करायचे. आणि आठव्या दिवशी बघितलं, अठ्ठ्याहत्तर, आणि त्याच्या खाली एकदम ऐंशी.

मी सगळी यादी बोटाने परत मोजली. तू, जी एका दशांशासाठी रात्रीचं जेवायची नाहीस, जिने एका ज्युनिअरला चुकीच्या तारखेसाठी ओपीडीच्या बाहेर काढलं, तुझ्याकडून नंबर गळतो? मला कळलं. तुला माहीत होतं. त्या बिनसाखरेच्या चहापासून माहीत होतं. आणि तू मला ते सांगायला लावणार नव्हतीस.

आणि मी, नंदिता, मी ऐंशी नंबरला फोन लावला.

त्याच आठवड्यात मी बाल्कनीला जाळी बसवून घेतली. ती बिचारी तीन दिवस बाहेरून चोची मारत होती. मग गेली. घर इतकं गप्प झालं की फ्रीज सुरू झाला तरी मी दचकायचे. तू मात्र त्याच दिवसापासून रोज संध्याकाळी सातला यायला लागलीस. कारण सांगितलं नाहीस. कधी पाच मिनिटं, कधी जेवूनच. मला वाटायचं, आज विचारेन. तुला वाटत असेल, आज विचारेल. आपण दोघी भाजी निवडत बसायचो.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये तू कबुतरांना दाणे घालू नका म्हणून उभी राहिलीस, तेव्हाही काय कमी ऐकून घेतलंस? ‘जाळीवाल्या डॉक्टर आल्या!’ ‘मॅडम, पुण्यकर्म आहे, तुम्हाला काय टेन्शन?’ ‘आमच्या फुप्फुसांचं आमचं आम्ही बघू.’ मी उठत होते. खुर्चीचे हात धरून अर्धी उठले होते. एक वाक्य बोलले असते की आमचे हे असे गेले, तर हॉल गप्प झाला असता. तू माझ्याकडे बघितलंस आणि मान हलवलीस. बसा. ठराव नामंजूर झाला. तू हरलीस त्या दिवशी, आणि तेही माझ्यासाठी.

यावर मला तुझ्याशी भांडायचं होतं. दया केलीस, कबूल. पण मला न विचारता केलीस. मी काय इतकी कच्ची होते? आणि लगेच वाटतं, होतेच की. तूच ओळखलंस. आता हे भांडण मी एकटीच दोन्ही बाजूंनी लढतेय, आणि त्यात काही मजा नाही. संध्याकाळी सातला मी दाराची कडी काढते अजून. सवय आहे. नुसती पावभाजीवाल्याची डिलिव्हरी येते, ती पण शेजारी.

मंगळवारी श्रुतीचा फोन आला, तुझ्या हाताखालची ती लातूरची मुलगी. रडून रडून तिचा आवाज बसलाय. म्हणाली, मॅडमचं काम पूर्ण करून पाठवायचंय, मी सगळे फॉर्म परत तपासतेय. ‘काकू, एकोणऐंशी नंबर तुमच्या यादीतून राहिला होता वाटतं. मॅडमनी त्यावर पेन्सिलीने गोल करून ठेवलाय, पुढे काही लिहिलं नाही. ह्या घरचा नंबर लागत नाही हो. तुमच्याकडे आहे का?’

जुना लँडलाइन होता तो. ह्यांनीच काढून टाकला होता.

मी म्हटलं, ‘श्रुती, तो आमच्या ह्यांचा फॉर्म आहे.’

तिकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाली, ‘सॉरी काकू. मला आडनावावरून लक्षातच आलं नाही. राहू दे. मी ‘माहिती उपलब्ध नाही’ लिहिते. चालतं तसं.’

चालतं तसं. किती सोपं होतं गं. तुझी शिष्यीण, तुझ्यासारखीच मायाळू. मी हो म्हटलं असतं तर आणखी कोणालाच कळलं नसतं. तुझं ते गोल तसंच राहिलं असतं. पण मला एकदम दिसलं की तू ते पेनने खोडलं नव्हतंस, आणि भरलंही नव्हतंस. तू माझ्यासाठी थांबली होतीस. आणि थांबता थांबता गेलीस.

तुझ्याकडून मला उत्तर मिळणार नाही हे आता पक्कं आहे. कदाचित तुलाही ठाऊक नसेल. तूच म्हणायचीस ना, एका माणसाचं नक्की कधीच सांगता येत नाही, हजार माणसं एकत्र ठेवली की मग चित्र दिसतं. मग ह्यांना पण त्या हजारांत ठेवायला पाहिजे. ह्यांचं खरं घेऊन.

मी श्रुतीला म्हटलं, ‘नाही. विचार तू. पहिल्यापासून विचार, अनोळखी घराला विचारतेस तसं.’

पोरगी बिचारी चाचरत सुरू झाली. ‘खिडकीत, दारात कोण येत होतं?’

‘कबुतरं. सात-आठ, थंडीत जास्त.’

‘त्यांना काय घालत होता?’

‘ज्वारी. वाटीभर. संक्रांतीला तीळ पण. मी घालायचे, ह्यांनी नाही.’

‘किती वर्षं?’

‘अकरा.’

‘काका... म्हणजे, पेशंट त्या जागी बसायचे का?’

मी घोटभर पाणी प्यायले. मग सांगितलं की हो, बसायचे. मशीन आल्यावर पण बसायचे. नळी बाल्कनीपर्यंत पोचत नव्हती, तर मीच मशीनवाल्याकडून लांब नळी मागवून घेतली होती. कबुतरं त्यांना मुळीच आवडायची नाहीत, घाण करतात म्हणायचे. मी तिथे असायचे म्हणून येऊन बसायचे.

तिने ‘हो’ लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.